‘इको-फ्रेंडली’चे माप कोण तपासणार?

मा. जिल्हाधिकारी, पुणे यांस,



किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. काटा बरोबर आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने घरून वजने आणून तपासावे असे कोणी म्हणत नाही. त्याच दुकानाच्या फळीवरच्या वस्तूंवर मात्र ‘इको-फ्रेंडली’, ‘बायोडिग्रेडेबल’, ‘१०० टक्के नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ असे काहीबाही छापलेले असते. त्यातले खरे किती आणि नुसते छापलेले किती, हे ओळखण्याचे काम पिशवी घेऊन आलेल्या बाईच्या गळ्यात पडते. बचत गटांच्या मेळाव्यांत तिला वर ‘जागरूक ग्राहक व्हा’ असेही सांगितले जाते. सांगणाऱ्यांत मीही असते. घोडेगाव माझे माहेर, नारायणगाव सासर. आंबेगाव आणि जुन्नर, दोन्ही तालुक्यांत वस्तू कशी पारखावी हे मी बायकांना दाखवते. ती पारख कुठवर चालते आणि कुठे संपते, हे आपल्याला सांगायचे आहे. कारण ती जिथे संपते, तिथून पुढचे काम कायद्याने आपल्याकडे दिलेले आहे.

आधी पिशवीचेच घ्या. २३ मार्च २०१८ला राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीन महिन्यांची मुदत दिली आणि जूनअखेरीस कारवाई सुरू झाली. पातळ पिशव्या काही दिवस दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी बंद लावलेली, रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी आली. दुकानदार तिला कापडी म्हणतो, गिऱ्हाईकही कापडीच म्हणते, आणि बऱ्याच पिशव्यांवर झाड नाहीतर पान काढलेले असते. ही पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. ओळखायला सोपी आहे. तिच्या कडा बहुतेक वेळा शिवलेल्या नसतात, उष्णतेने चिकटवलेल्या असतात. अंगावर बारीक ठिपक्यांचा छाप असतो. कडेचा धागा ओढू गेलात तर धागा निघतच नाही, कारण ती विणलेलीच नसते. काडी लावली तर कापडासारखी राख होत नाही, वितळून टणक गोळा होतो. केंद्राचे नियमही तिला प्लास्टिक समजूनच ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ नको म्हणतात. जाड असेल तर ती वापरायला हरकत नाही, पुष्कळदा वापरली तर चांगलेच. पण कापड म्हणून विकू नये, एवढेच.

लग्नाच्या पंगतीत दुसरा प्रकार दिसतो. आमच्याकडे पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ होती. आता मंगल कार्यालयात केळीच्या पानाचे हिरवेगार चित्र छापलेली कागदी पत्रावळ येते. शिरासुद्धा छापलेल्या असतात! ती अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवा, कोपरा चुरगाळा आणि दोन बोटांनी सोला. कागद गळून पडतो आणि हातात पातळ चकचकीत पापुद्रा राहतो. चहाच्या कागदी कपाचेही तेच. म्हणून तर जुलै २०२२मध्ये राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कप-प्लेटही बंदीत घेतल्या. तरी त्या मिळतात. पाकिटावर ‘पेपर’ लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते. कागद त्यात असतोच.

कागदाचे नाव घेतले की आम्ही जुन्नरकडचे लोक जरा हळवे होतो, कारण जुन्नर गावात एकेकाळी हातकागद बनत असे आणि पेशवाईच्या दफ्तरांना जुन्नरी कागद लागे. तो चिंध्यांच्या लगद्यापासून व्हायचा. म्हणजे आजच्या भाषेत रिसायकल केलेलाच, पण कुणी त्यावर तसे लिहिले नव्हते. आज ‘रिसायकल्ड’ असे छापलेल्या वहीवर किती टक्के, कशापासून, हे सहसा नसते. हे असू द्या.

‘कंपोस्टेबल’ पिशवीपाशी माझी काडीपेटी निम्मी उपयोगाची ठरते. खरी कंपोस्टेबल पिशवी आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाला उतरावी लागते, तिच्या उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते आणि पिशवीवर उत्पादकाचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. क्रमांक नसेल तर ठेवून द्या, असे मी सांगते. क्रमांक असेल तर? तो खरा आहे का, हे बाजारात उभे राहून कसे कळावे? शिवाय ती पिशवी ज्या चाचणीला उतरते, तिथे साधारण ५८ अंशांची ऊब कित्येक आठवडे टिकवलेली असते. परसातल्या खड्ड्यात किंवा ओढ्याच्या काठी ती ऊब नाही. ‘विरघळते’ हे ऐकून बाई निर्धास्तपणे ती शेणखतात टाकते आणि पुढच्या नांगरटीला तिचे तुकडे वर येतात.

म्हणजे हात, काडी आणि गरम पाणी यांनी वस्तू कशाची बनली हे कळते. ती कशी बनली, हे मात्र कळत नाही. आणि खरी फसवणूक या दुसऱ्या भागात आहे.

गुळाचे उदाहरण सांगते, कारण मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत तो पहिला असतो. पिवळाधमक गूळ दिसला की त्यात हायड्रोस ही रंग उजळणारी पावडर घातली असावी, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून काळपट गूळ ‘सेंद्रिय’ या नावाने चढ्या भावाने विकला जातो. पण रंग एवढेच सांगतो की रस उजळायला बहुधा पावडर घातली नाही. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरला असेल तर उत्तमच. पण ऊस कोणत्या खतावर वाढला, त्यावर कोणते तणनाशक मारले, याचा रंगाशी काहीही संबंध नाही. रसायनाविना केलेला गूळ आणि सेंद्रिय उसाचा गूळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यात तिसरी गोष्ट चुलाणाची. आपल्याच जिल्ह्यातल्या काही गुऱ्हाळांत चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि टायर जाळल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. अशा चुलाणावर शिजलेली ढेप ‘नैसर्गिक’ या पाकिटात घालून समोर ठेवली तर ती जिभेला कळणार नाही, डोळ्याला कळणार नाही, आणि माझ्या गरम पाण्यालाही कळणार नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दाला कायदा आहे, हे निदान बरे. २०१७च्या नियमांनुसार पाकीटबंद माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांना दिलेली हमी) यांपैकी एक प्रमाणपत्र आणि ‘जैविक भारत’चे चिन्ह लागते. पीजीएसमध्येही दोन पायऱ्या आहेत. ‘पीजीएस ग्रीन’ म्हणजे शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे, ‘पीजीएस ऑरगॅनिक’ म्हणजे तो बदल पूर्ण झाला. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला यातून सूट आहे. म्हणून मी बायकांना उलटेच सांगते. आहुप्याहून किंवा इंगळूनहून नाचणी-वरई घेऊन बाजारात बसलेल्या आजीकडे कागद मागू नका. तिला विचारा, शेत कुठे, खत काय घातले. ती सांगेल आणि ते बहुतेक खरे असेल. पण दुकानातल्या चकचकीत पाकिटावर ‘सेंद्रिय’ आहे आणि चिन्ह नाही, तर तो कायदेभंग आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत नेमके याच्या उलट चालते. आजीशी घासाघीस होते आणि पाकिटाला काही न विचारता पैसे दिले जातात.

आता द्राक्षांकडे बघा. जुन्नरची द्राक्षे युरोपात जातात. २००६पासून अपेडा या केंद्राच्या निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आहे. निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंद होते, काढणीआधी नमुने घेतले जातात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत औषधांचे अंश मोजले जातात, आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. या सगळ्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली होती. बागायतदारांना त्या वर्षाची आठवण अजून नको वाटते, पण त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. आणि त्याच शिवारातला माल कल्याण रस्त्यावरच्या टपरीवर ‘रेसिड्यू फ्री’ असा फलक लावून विकला जातो तेव्हा? कुठली बाग, कुठली चाचणी, कुठल्या तारखेचा अहवाल, काही नाही. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे फवारणी केली नाही असेही नव्हे. काढणीच्या वेळी अंश ठरवलेल्या मर्यादेच्या खाली होते, इतकाच त्याचा अर्थ. द्राक्षे वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला जो कागद मिळतो, तो आळेफाट्याच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, असे म्हणायचे आहे. माल पिकतो आमच्या दारात आणि त्याची खात्री मिळते सातासमुद्रापलीकडे.

शेतकरी स्वतःही गिऱ्हाईक आहेच. कृषी सेवा केंद्रात ‘जैविक’, ‘हर्बल अर्क’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांपैकी कित्येकांत न लिहिलेले कीटकनाशक असते, हा संशय गावोगाव आहे. २०२१मध्ये जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि त्यांत कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त नसावा असे ठरले. टोमॅटो-द्राक्षवाला भरवशाने ती बाटली घेतो, फवारतो, आणि त्याचा माल अडकला की त्याला कळते आत काय होते.

वीज वाचवणाऱ्या वस्तूंबद्दल मला तक्रार नाही. फ्रिजवर तारे असतात, वर्षाला किती युनिट लागतील हा आकडा असतो, लेबल कोणत्या काळासाठी आहे ते असते. दर काही वर्षांनी निकष कडक होतात, म्हणून जुन्या सालचे पाच तारे नव्या हिशेबात कमी भरू शकतात, एवढे ध्यानात ठेवले की झाले. आकडा, चाचणी, साल आणि मागे उभी असलेली एक संस्था, हे चार असले की अडाणी माणूसही शहाणपणाने खरेदी करतो. पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी असेच एक चिन्ह सरकारने १९९१मध्ये काढले होते. ‘इकोमार्क’, त्यावर मातीच्या मडक्याचे चित्र. चित्र सुंदर आहे. नारायणगावच्या किंवा मंचरच्या दुकानात ते असलेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये त्याचे नवे नियम आले आहेत. मडके येईपर्यंत फळीवर पानांची गर्दी झाली आहे.

आणि ज्यावर खरोखर हे मडके शोभले असते ती वस्तू आमच्या पश्चिम पट्ट्यात झाडाला लागते. आपटाळे, तळेघर, आहुपे या बाजूला महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. त्या झाडाला कुणी खत घालत नाही, फवारत नाही, पाणी देत नाही. कोवळे फळ झाडावर चढून काढायचे आणि अंगणात वाळवायचे, की माल तयार. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले तेव्हा भरपाईसाठी या लोकांना काही वर्षे झगडावे लागले. हाच हिरडा शहरात चूर्णाच्या डबीत जातो, डबीवर हिरवी पाने आणि ‘शुद्ध हर्बल’ येते, आणि भावाचा फरक मधल्या हातांत राहतो. एनपीओपीमध्ये रानातून गोळा केलेल्या मालाच्या प्रमाणीकरणाची सोय आहे. पण चार पोती हिरड्यासाठी अर्ज कोण करणार, तपासणी कोण करून घेणार, शुल्क कोण भरणार? जो खरोखर पर्यावरण राखून पिकवतो त्याच्याकडे चिन्ह नाही, आणि ज्याच्याकडे छापखाना आहे त्याच्याकडे पान आहे. मला राग येतो तो याचा.

आता आपल्या कामाचे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत; दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल आहे की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, ते स्पष्ट सांगायचे; आणि पुरावा गिऱ्हाइकाला पाहता आला पाहिजे, असे त्यांत आहे. एक पळवाटही आहे. फसवणूक होत नसेल तर नुसता हिरवा रंग किंवा चित्र यांना सूचना लागू नाहीत. दुकानात वस्तू उचलताना आमच्याकडच्या पुष्कळ बायका अक्षरांच्या आधी चित्र वाचतात. तेव्हा चित्राने फसवणूक होते की नाही, हे दिल्लीत बसून ठरवण्याऐवजी मंचरच्या दुकानात उभे राहून ठरवावे, असे मला वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने ‘जाहिराती’ची व्याख्या करताना लेबल, वेष्टन, पावती हे सगळे त्यात धरले आहे. म्हणजे पत्रावळीचे पाकीट कायद्याच्या नजरेत जाहिरातच आहे. कलम १६ने आपल्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, आपल्या हद्दीतल्या फसव्या जाहिरातींची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार दिला आहे. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही आपणच आहात. दोषी उत्पादकाला प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केले तर ५० लाखांपर्यंत. बायकांना १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक माहीत झाला आहे. कलम १६ मात्र मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हते, आणि त्यांत सरकारी नोकरीतले लोकही होते.

या चौकशीची सुरुवात गणपतीपासून करावी. अष्टविनायकांतले ओझर आणि लेण्याद्री आमच्या तालुक्यात. भाद्रपदाआधी गावोगाव मांडव पडतात आणि प्रत्येक दुसऱ्या मांडवावर ‘इको-फ्रेंडली मूर्ती’ असा फलक असतो. जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित करायचे ठरले. म्हणजे पीओपी विकणे गुन्हा नाही, पण ती शाडू म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि तिचा भार कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर पडतो, कारण शाडू समजून नेलेली मूर्ती माणूस बिनधास्त नदीत सोडतो. राज्याच्या सूचनेप्रमाणे पीओपीच्या मूर्तीमागे तैलरंगाची लाल गोल खूण असायला हवी. मी बायकांना सांगते, मूर्ती उलटी करून बघा. खूण नसेल तर तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका; माती तो शोषून मऊ पडते, नख लावले तर उकरते. त्याच आकाराची पीओपीची मूर्ती हाताला हलकी लागते. पण गणपती आणायला आलेल्या माणसाने देवाच्या तळाला नख लावून बघायचे, हे काही आपल्या लोकांच्या हातून होत नाही. ते तलाठ्याने किंवा ग्रामपंचायतीने मांडव पडतानाच करावे.

एक मात्र विनंती. पहिली कारवाई पथारीवाल्यावर नको. प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड ठरला, आणि तो भाजीवाल्या बायकांकडून वसूल होताना आम्ही पाहिला. पिशवी छापणाऱ्या कारखान्याचा पत्ता पिशवीवर असताना पावती मात्र कोथिंबीर विकणारीच्या नावाने फाटली. या वेळी चौकशी वेष्टनावरच्या पत्त्यापासून सुरू व्हावी. ज्या वेष्टनावर पत्ताच नाही, त्याची विक्री आधी थांबवावी. पत्ता जिल्ह्याबाहेरचा निघाला तर कलम १६चा अहवाल आहेच. तो प्राधिकरणाकडे गेला की पुढचे त्यांनी पाहावे.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७प्रमाणे फसव्या जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. हे पत्र तशी तक्रार म्हणून दाखल करून घ्यावे आणि पोच द्यावी. ज्या तीन वस्तूंबद्दल तक्रार आहे त्या किंवा त्यांची वेष्टने सोबत जोडली आहेत. उत्पादकांची नावे मी इथे मुद्दामच घेतलेली नाहीत. ती त्यांच्यावरच आहेत.

आपली,
नारायणगाव, ता. जुन्नर येथील एक ग्राहक

सोबत : ‘कापडी’ म्हणून विकलेली एक पिशवी, कोपरा सोललेली एक पत्रावळ, चिन्ह नसलेले ‘सेंद्रिय’ गुळाचे एक रिकामे पाकीट.

प्रत माहितीसाठी : तहसीलदार, जुन्नर, तहसीलदार, आंबेगाव (घोडेगाव).